पटाबाहेरची मेहनत

1976 साली भारतात एकही ग्रँडमास्टर नव्हता. आंतरराष्ट्रीय मास्टर एकच, मद्रासचे मॅन्युएल आरोन. संगणकाचा प्रश्नच नव्हता. डाव अभ्यासायचा तर पुस्तक हवं, आणि पुस्तक दुर्मीळ. त्या वर्षी गिरगावातली 13 वर्षांची एक मुलगी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत खेळायला बसली आणि मोठा गहजब झाला. बायकांसाठी वेगळी स्पर्धा आहे ना, मग ही इथे कशाला? प्रकरण उच्च न्यायालयापर्यंत गेलं. निकाल मुलीच्या बाजूने लागला. जागतिक बुद्धिबळ संघटनेचे तेव्हाचे अध्यक्ष माक्स युवे यांनीही निर्वाळा दिला, की स्पर्धा राष्ट्रीय असो वा आंतरराष्ट्रीय, बाईला बाई म्हणून दाराबाहेर ठेवता येणार नाही. रोहिणी खाडिलकरने त्या स्पर्धेत तीन राज्यविजेत्यांना हरवलं.

घरात ती एकटीच खेळत होती असं नाही. थोरली वासंती 1974 साली महिलांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेची विजेती. मधली जयश्री चार वेळा राष्ट्रीय विजेती, आणि 1979 साली आंतरराष्ट्रीय महिला मास्टर झालेली पहिली भारतीय स्त्री. धाकटी रोहिणी पाच वेळा राष्ट्रीय विजेती, शिवाय 1981 आणि 1983 साली आशियाई विजेती. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाल्यापासून पहिली दहा वर्षं ही पदवी या तिघींच्या घराबाहेर गेलीच नाही.

वडील ‘नवाकाळ’चे संपादक नीलकंठ खाडिलकर. त्यांचे आजोबा नाट्याचार्य कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर. एवढं सांगितलं की समोरचा मान डोलावतो, ‘मग काय, रक्तातच आहे.’ असेलही. पण ‘कीचकवध’ आणि ‘मानापमान’ लिहिणाऱ्या पणजोबांकडून उंटाची तिरपी चाल वारशाने कशी येते, हे मला अजून कुणी समजावून दिलेलं नाही. घरात काय होतं ते मात्र सांगता येतं. मुलींनी पुरुषांशी खेळावं यात वावगं काही नाही असं मानणारी, त्यासाठी चार लोकांशी वाईटपणा घ्यायला तयार असलेली आणि कोर्टाची पायरी चढायला न बिचकणारी मोठी माणसं होती.

मुलांच्या यशाबद्दल आपण वर्षानुवर्षं एकच वाद घालतो: उपजत की कष्टाचं? ‘बाळाचे पाय पाळण्यात दिसतात’ आणि ‘प्रयत्नांती परमेश्वर’ या दोन्ही म्हणी एकच माणूस एकाच आठवड्यात वापरतो. पहिली शेजाऱ्याच्या मुलाबद्दल, दुसरी स्वतःच्या. पण या वादाच्या दोन रकान्यांत खाडिलकरांच्या घरातली ती मोठी माणसं कुठेच बसत नाहीत. रोहिणीची बुद्धी मोजता येईल, पटासमोर बसलेले तास मोजता येतील. तिच्यासाठी कोर्टात गेलेले तास कुणाच्या हिशेबात धरायचे?

*

गिरगावातल्या या तीन बहिणींची गोष्ट मराठी घरांतही आता फारशी कुणाला आठवत नाही. जगाला माहीत आहेत त्या बुडापेस्टच्या तीन बहिणी. त्यांच्या वडिलांनी तर मुली जन्मण्याआधीच सिद्धान्त मांडून ठेवला होता.

लास्लो पोल्गार हे हंगेरियन शिक्षणतज्ज्ञ. असामान्य माणसांची चरित्रं त्यांनी शेकड्यांनी वाचून काढली आणि निष्कर्ष काढला, की असामान्य माणूस जन्मत नाही, घडवला जातो. फक्त सुरुवात फार लवकर हवी आणि विषय एकच हवा. हे पडताळून पाहायला मुलं हवीत, आणि मुलांसाठी आधी बायको. सोव्हिएत युक्रेनमधल्या क्लारा नावाच्या शिक्षिकेशी त्यांचा पत्रव्यवहार सुरू झाला. त्या पत्रांत प्रेमापेक्षा शिक्षणशास्त्र जास्त होतं म्हणतात. तरीही क्लारा लग्नाला तयार झाली. मला विचाराल तर या कथेतला पहिला चमत्कार हाच.

1969 साली झुझा जन्मली. पुढे जगाने तिला सुझान म्हटलं. 1974 साली झोफिया, 1976 साली युडिट. मुलींना शाळेत न घालता घरी शिकवायचं ठरलं. समाजवादी हंगेरीत ही गोष्ट सरळ नव्हती. परवानगीसाठी सरकारी खात्यांशी झगडावं लागलं. विषय कोणता घ्यायचा हे मात्र वडिलांनी एकट्याने ठरवलं असं म्हणता येत नाही. झुझाला चार वर्षांची असताना कपाटात सोंगट्या सापडल्या. खेळणी समजून तिने त्या बाहेर काढल्या आणि हे काय म्हणून विचारलं. वडील सामान्य दर्जाचे खेळाडू, आईला खेळ येतही नव्हता. पण बुद्धिबळात कोण वरचढ हे आकड्यात कळतं, परीक्षकाच्या मर्जीवर काही राहत नाही, म्हणून प्रयोगाला हा विषय सोयीचा होता. काही महिन्यांत झुझाने बुडापेस्टची 11 वर्षांखालील मुलींची स्पर्धा जिंकली, दहापैकी दहा डाव.

पुढचा इतिहास बुद्धिबळप्रेमींना तोंडपाठ असतो. 1988 च्या ऑलिम्पियाडमध्ये या तिघी आणि इल्दिको मादल अशा चौघींच्या हंगेरियन संघाने सोव्हिएत महिला संघाची मक्तेदारी मोडून सुवर्णपदक नेलं. 12 वर्षांच्या युडिटचे 13 डावांत साडेबारा गुण होते. 1989 साली रोममधल्या खुल्या स्पर्धेत 14 वर्षांच्या झोफियाने एकापाठोपाठ एक ग्रँडमास्टर गारद करत नऊपैकी साडेआठ गुण मिळवले. जानेवारी 1991 मध्ये सुझान ग्रँडमास्टर झाली, पुरुषांना लागू असलेल्या नेहमीच्या निकषांवर. त्याच वर्षी डिसेंबरात युडिट 15 वर्षं 4 महिन्यांची असताना ग्रँडमास्टर झाली आणि बॉबी फिशरचा विक्रम मोडला. पुढे ती जागतिक क्रमवारीत आठव्या क्रमांकापर्यंत पोहोचली. महिलांच्या नव्हे, सगळ्यांच्या.

त्या घरालाही दाराशी भांडावं लागलंच. पोल्गार मुलींना पुरुषांच्या स्पर्धांत खेळायचं होतं आणि हंगेरीच्या संघटनेला ते नको होतं. परदेशी जाण्यावर बंधनं आली. 1986 साली तर जागतिक संघटनेने कमाल केली. बायका आपापसातच खेळतात म्हणून त्यांचं रेटिंग कमी राहतं, असं कारण देऊन सगळ्या सक्रिय महिला खेळाडूंना शंभर गुण बहाल केले. एकट्या सुझान पोल्गारला वगळून. ती पुरुषांशी खेळते, तेव्हा तिचं रेटिंग खरं आहे, असा युक्तिवाद. महिलांच्या यादीतला पहिला क्रमांक तिच्या हातून गेला, तोही एक डाव न हरता. ‘मेहनत कर, फळ मिळेल’ असं त्या मुलीला त्या आठवड्यात सांगायची कुणाची हिंमत झाली असती?

*

पोल्गारांचं घर हे मेहनतवाद्यांचं तीर्थक्षेत्र आहे. बघा, एक नाही, दोन नाही, तिन्ही मुली! नशिबाचा भाग असता तर तीनदा लागला असता का?

या युक्तिवादात दोन भोकं आहेत. पहिलं उघड आहे: आईबापांनी मुलींना शिकवलंही आणि जन्मही दिला. आपल्या कल्पनेपायी सरकारशी वर्षानुवर्षं झुंजणाऱ्या हट्टी माणसाच्या मुली हट्टी निघाल्या, तर तो हट्ट शिकवणीतून आला की जन्मातून, हे कसं वेगळं काढणार?

दुसरं भोक मला जास्त महत्त्वाचं वाटतं. घर एक, शिक्षक तेच, दिवसाचं वेळापत्रक तेच, आणि तिघी तीन ठिकाणी पोहोचल्या. युडिटचं सर्वोच्च रेटिंग 2735, सुझानचं 2577, झोफियाचं 2505. बुद्धिबळात 200 गुणांचा फरक म्हणजे चार डावांत वरचढ खेळाडूला सरासरी तीन गुण. म्हणजे थोरल्या आणि धाकट्या बहिणीतलं अंतर लहानसहान नाही. आणि गंमत अशी, की घरात सगळ्यात गुणी समजली जायची ती झोफिया. युडिटची सुरुवात संथ, पण कामाला वाघ, असं थोरल्या बहिणीनेच पुढे सांगितलं आहे. झोफियाची एक गोष्ट त्या घरात सांगितली जाते. मध्यरात्री वडिलांना जाग आली तर न्हाणीघरात दिवा. आत झोफिया मांडीवर पट घेऊन बसलेली. सोंगट्यांना जरा सोड म्हणून वडील ओरडले, तर ती म्हणाली की मी कुठे धरलंय, त्याच मला सोडत नाहीत. एवढी ओढ असलेली ही मुलगी ग्रँडमास्टर झाली नाही. आंतरराष्ट्रीय मास्टर झाली, रोममध्ये एकदा जगाला थक्क केलं, चित्रं काढली, आणि बुद्धिबळाखेरीजही आयुष्य असतं असं ठरवलं.

प्रतिभावाद्यांना इथे टाळ्या पिटायचा मोह होईल. त्यांनी जरा थांबावं. झोफियाचं ‘अपयश’ म्हणजे जगातल्या अगदी वरच्या काही स्त्रियांमध्ये गणना. प्रयोग फसला म्हणायचं तर असा फसलेला प्रयोग कुठल्याही घराने आनंदाने घेतला असता.

*

तासांचं वेड आपल्याकडे 2008 नंतर आलं. माल्कम ग्लॅडवेल यांचं ‘आउटलायर्स’ त्या वर्षी निघालं आणि दहा हजार तासांचा आकडा क्लासच्या जाहिरातींपासून वाढदिवसाच्या भाषणांपर्यंत पोहोचला. त्याचं मूळ आंडर्स एरिक्सन आणि सहकाऱ्यांच्या 1993 सालच्या अभ्यासात आहे. बर्लिनच्या संगीत अकादमीतल्या सर्वोत्तम व्हायोलिनवादकांनी विसाव्या वर्षापर्यंत सरासरी सुमारे दहा हजार तास एकट्याने सराव केला होता. सरासरी! म्हणजे त्यातले कित्येक त्या आकड्याच्या खालीच होते. एरिक्सन स्वतः या सवंगपणावर पुढे चिडले. त्यांचा भर तासांवर नव्हताच. जे जमत नाही तेच शोधून, जाणत्याच्या देखरेखीखाली, चूक तिथल्या तिथे सुधारत केलेला कंटाळवाणा सराव, हा त्यांचा विषय होता.

मग 2007 साली फर्नांद गोबे आणि गिलेर्मो कॅम्पितेली यांनी अर्जेंटिनातल्या शंभरावर बुद्धिबळपटूंचे तास मोजले. मास्टर दर्जा गाठायला सरासरी 11,000 तास लागले. इथवर मेहनतवादी खूश. पण एकाला ते सुमारे 3,000 तासांत जमलं आणि दुसऱ्याला 23,000 हून जास्त लागले. आणखी काही जण तेवढे तास घालवूनही मास्टर झाले नाहीत. यातल्या दुसऱ्या माणसाचा मी बराच विचार केला आहे. रोज तीन तास धरले तरी वीस वर्षांहून जास्त. ‘तू कष्टाळू आहेस’ हे वाक्य त्याने किती वेळा आणि कुठल्या सुरात ऐकलं असेल!

2014 साली ब्रुक मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी असे अनेक अभ्यास एकत्र केले. माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकापैकी किती वाटा सरावाचा? बुद्धिबळासारख्या खेळांत 26 टक्के, संगीतात 21, मैदानी खेळांत 18, शिक्षणात अवघे 4. आकडे टोकाचे वाटतात आणि एरिक्सन यांनी त्यांच्याशी वादही घातला. पण उरलेला वाटा सगळा ‘उपजत’ असंही कुणी समजू नये. त्यात सुरुवातीचं वय आलं, शिक्षक आला, पैसा आला, तब्येत आली, आणि मोजता न आलेलं बरंच काही आलं.

मला सगळ्यात अस्वस्थ करणारा अभ्यास मात्र स्वीडनमधला आहे. मिरियम मोसिंग आणि सहकाऱ्यांनी दहा हजारांवर जुळ्यांची माहिती तपासली. संगीताचा सराव किती करायचा, ही प्रवृत्तीच बऱ्याच अंशी आनुवंशिक दिसली. आपल्याला लहानपणापासून पढवलेलं आहे, की बुद्धी देवाने दिली तेवढीच, पण कष्ट तर तुझ्या हातात आहेत. म्हणजे बुद्धी नसणं हा दोष नाही, कष्ट न करणं हा दोष. आता तेही पूर्णपणे हातात नसेल, तर ‘हुशार आहे पण अभ्यास करत नाही’ असा शेरा प्रगतिपुस्तकावर मारताना हात थोडा अडखळायला हवा.

*

ठाण्यात एका शाळेच्या सभागृहात पावसाळ्यातल्या एका रविवारी मुलांची स्पर्धा होती. आत मोबाईलला बंदी, पालकांना बंदी. जिन्यावर, व्हरांड्यात, चपलांच्या ढिगाशेजारी आईबाबा बसलेले. पोळीचे रोल, थर्मास, कुणाचा लॅपटॉप, कुणाचं विणकाम. दर फेरीच्या आधी पुढची जोडी मोबाईलवर पडली की सगळे एकदम मान खाली घालतात आणि मग कुजबुज सुरू होते, ‘रेटेड आहे का समोरचा?’ दार उघडून मूल बाहेर आलं की त्याच्या चेहऱ्यावरून निकाल वाचायची घाई. एका बाबांनी तर मुलाच्या पायात चप्पल सरकायच्या आत विचारलं, ‘घोडा परत का नेलास?’ बंद दारामागे घोडा परत गेला हे त्यांना कसं कळलं, देव जाणे.

त्याच जिन्यावर दोन मुली नुकताच संपलेला डाव पुन्हा मांडत होत्या. गुंडाळीचा रबरी पट, स्कोअरशीट मांडीवर. हरलेली बोट ठेवून दाखवत होती की मी इथे हत्ती दिला असता तर? जिंकलेली थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, ‘अरे बापरे, मग मी मेले असते.’ दोघी खो खो हसल्या. पलीकडे दोन मुलगे फोनवर एकेका मिनिटाचे डाव धडाधड उडवत होते. घरी गेल्यावर चौघांच्याही नावावर तेवढाच वेळ ‘बुद्धिबळ’ म्हणून लागणार.

तिथेच एका प्रशिक्षकांशी बोलणं झालं. त्यांच्या शिकवण्यातला एक धडा त्यांनी मला पटावर मांडून दाखवला. दोन राजे आणि एक प्यादं. राजे समोरासमोर, मध्ये एक घर मोकळं. ज्याची चाल त्याला बाजूला व्हावं लागतं, आणि जो बाजूला होतो तो हरतो किंवा जिंकता डाव घालवतो. कुठलीच चाल करावी लागली नसती तर बरं झालं असतं, अशी ही विचित्र अवस्था. काही मुलांना हे एका बैठकीत दिसतं. काहींना तीन शनिवार लागतात. दोन्हींत काळजीचं काही नाही, असं त्यांचं मत. ते वाट बघतात ती वेगळ्याच मुलाची. हा धडा झाल्यावर एखादं मूल आपणहून विचारतं, ‘आणि प्यादं अगदी कडेच्या पट्टीत असेल तर?’ प्रश्न बिनतोड आहे. कडेच्या पट्टीत सगळा नियमच बदलतो. बचावाचा राजा कोपऱ्यात जाऊन बसला की त्याला हुसकता येत नाही आणि डाव बरोबरीत सुटतो. हा प्रश्न कुणी शिकवलेला नसतो, आणि शिकवताही येत नाही. मात्र त्याला उत्तर देणारा माणूस त्या क्षणी तिथे हवा, आणि ‘ते पुढच्या लेव्हलला’ असं म्हणणारा नको.

उपजत म्हणून काही असेल तर ते या प्रश्नाच्या आसपास कुठेतरी असावं असं मला वाटतं. निकालात तर ते दिसत नाहीच. हुशारीतही दिसेल असं नाही. मेरिम बिलालिच आणि सहकाऱ्यांनी 2007 साली ब्रिटनमधल्या 57 बुद्धिबळ खेळणाऱ्या मुलांचा अभ्यास केला. त्यातल्या सगळ्यात चांगल्या 23 मुलांपुरतं बघितलं तर बुद्ध्यंक जास्त असलेली मुलं खेळात थोडी मागेच होती. कारण साधं: ती सराव कमी करत होती.

सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळीची गोष्ट मी इथे मुद्दाम आणत नाही. दहावीनंतरच्या प्रत्येक मार्गदर्शन शिबिरात तिचा चोथा झालेला आहे, आणि ती सांगणाऱ्या प्रत्येकाला दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल नको तेवढी खात्री असते.

*

जुलै 2025 मध्ये जॉर्जियातल्या बातुमी शहरात महिलांच्या विश्वचषकाची अंतिम फेरी झाली, तेव्हा पटाच्या दोन्ही बाजूंना भारतीय होत्या. टायब्रेकमध्ये 19 वर्षांच्या दिव्या देशमुखने कोनेरू हंपीला हरवलं आणि त्या विजयाबरोबर ती ग्रँडमास्टरही झाली. नागपुरात ढोल वाजले. दिव्याचे आईवडील दोघंही डॉक्टर. नाशिकच्या विदित गुजराथीचेही आईवडील डॉक्टर. 18 व्या वर्षी जगज्जेता झालेल्या चेन्नईच्या गुकेशचे वडील कान-नाक-घशाचे सर्जन आणि आई सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ.

डॉक्टरांच्या रक्तात सिसिलियन बचाव वाहतो की काय? डॉक्टरांच्या घरात शिक्षण असतं, पैसा असतो, आणि मन घट्ट केलं तर दवाखाना महिनाभर बंद ठेवता येतो. गुकेशच्या वडिलांनी तेच केलं. मुलाबरोबर देशोदेशी फिरण्यासाठी त्यांनी चालती प्रॅक्टिस थांबवली आणि घर आईच्या पगारावर चाललं. हंपीच्या वडिलांनी मुलीला शिकवण्यासाठी अध्यापनाची नोकरी सोडली होती. 2002 साली तिने ग्रँडमास्टर होताना सर्वांत लहान मुलीचा जो विक्रम मोडला तो युडिट पोल्गारचाच. प्रज्ञानंदचं घर या मालिकेत बसत नाही. वडील बँकेत नोकरीला, लहानपणी झालेल्या पोलिओमुळे प्रवासाला मर्यादा. थोरल्या वैशालीचं टीव्ही बघणं कमी व्हावं म्हणून तिला बुद्धिबळाला घातलं, आणि तिचं बघून धाकटा खेळू लागला. दोघंही ग्रँडमास्टर झाले. स्पर्धेच्या गावी सोबत जायची ती आई, नागलक्ष्मी. परक्या मुलखात मुलांना रसम-भात मिळावा म्हणून तिच्या सामानात राइस कुकर असतो, हे आता सगळ्या देशाला ठाऊक आहे. ती स्वतः बुद्धिबळ खेळत नाही. तिचे किती हजार तास झाले असतील?

ज्या घरात नोकरी सोडता येत नाही, दवाखाना नाही, आणि आई पहाटेच्या पहिल्या लोकलने कामावर जाते, तिथल्या मुलाने कडेच्या प्याद्याचा प्रश्न विचारला तर तो कुणाला? हे काम घराऐवजी संस्था करू शकते, निदान काही काळ. लातूर पॅटर्नची सुरुवात आठवा. घरी कुणी अभ्यास घेणारं नाही अशा मुलांचा अभ्यास महाविद्यालयानेच घ्यायचा, चाचणीवर चाचणी, प्रश्नसंचावर प्रश्नसंच, शंका विचारायला शिक्षक हजर. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतली मुलं डॉक्टर आणि इंजिनिअर झाली ती काही अचानक हुशार जन्मू लागली म्हणून नव्हे. घोकंपट्टी म्हणून त्या पद्धतीला पुण्या-मुंबईकडून नावं ठेवली गेली. त्या टीकेत तथ्य होतं. पण ती करणाऱ्यांच्या घरी अभ्यास घ्यायला बहुधा कुणीतरी असायचं. पुढे खासगी क्लास आले, फी लाखात गेली, आणि जे काम संस्थेने घराकडून उचललं होतं ते पुन्हा घराच्या खिशावर येऊन पडलं.

म्हणून यशस्वी मुलाच्या सत्कारात ‘याने अपार कष्ट घेतले’ असं म्हणताना मला अडचण वाटत नाही, घेतलेलेच असतात. अडचण येते ती हेच वाक्य उलटं करून मागे राहिलेल्या मुलाला लावताना. प्रतिभेचा युक्तिवाद निदान त्या मुलाला मोकळं सोडायचा: नाही जमलं, नाही जमलं, सगळ्यांना थोडंच जमतं. मेहनतीचा युक्तिवाद ऐकायला उदार, लोकशाहीवादी, पण त्याच्या पोटात एक आरोप दडलेला असतो. सगळ्यांना सगळं जमू शकतं, तर तुला जमलं नाही याला जबाबदार तूच. नऊ वर्षांच्या मुलावर हा आरोप ठेवायचा, तर आधी त्याच्या भोवतालच्या मोठ्यांची हजेरी घ्यायला हवी.

लास्लो पोल्गारना आपला प्रयोग पूर्ण सिद्ध करायची एक संधी चालून आली होती. योप व्हान ओस्टरोम नावाच्या डच धनाढ्याला बुद्धिबळाचं भारी वेड. त्याने सुचवलं, की गरीब देशातली तीन मुलं दत्तक घ्या, मुलींसारखीच वाढवा, खर्चाला माझी मदत आहे. मुलं परकी, म्हणजे रक्ताचा आक्षेप तिथेच संपणार. लास्लोंना ते मनापासून करायचं होतं. असं शास्त्रशुद्ध उत्तर त्यानंतर कुणाला मिळण्याची शक्यता नव्हती. क्लाराने नाही म्हणून सांगितलं. मुलं म्हणजे काही नुसतं बुद्धिबळ नव्हे, बाकीचं सगळं आपल्याच अंगावर येऊन पडणार, हे तीन मुली वाढवून झालेल्या त्या बाईला पक्कं ठाऊक होतं.